भन्ते सुरई ससाई जिथे भिक्खू झाले तो डोंगर

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी टोकियोला गेलेल्या धम्मबांधवांनी एक दिवस ताकाओ डोंगरासाठी राखून ठेवावा. डोंगर फक्त ५९९ मीटर उंच. शिंजुकूहून केइओ लाइनची ट्रेन तासाभरात पायथ्याशी सोडते. वर उतारावर याकुओइन विहार आहे. भिक्खू ग्योकी यांनी इ.स. ७४४ मध्ये त्याची स्थापना केली, अशी परंपरा आहे. 'याकुओ' म्हणजे औषधांचा राजा, अर्थात भैषज्यगुरू बुद्ध.

आपल्यासाठी या जागेचे महत्त्व वेगळे आहे. १९६० मध्ये इथेच एका जपानी तरुणाने चीवर धारण केले. तेच पुढे नागपूरच्या इंदोऱ्यात राहिलेले, महाबोधी महाविहार मुक्ती आंदोलनात उतरलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई. त्यांचे गुरू यामामोतो शुजुन हे दुसऱ्या महायुद्धाआधी समाजवादी बौद्ध युवक चळवळीत होते आणि त्यापायी त्यांनी तुरुंगही पाहिला होता. ससाई भन्तेंच्या लढाऊपणाबद्दल बोलताना आपण या गुरूंचे नाव क्वचितच घेतो.

केबल कार आहे, तरी पायीच चढा. वाटेत एका चढाला १०८ पायऱ्या आहेत, १०८ क्लेशांसाठी. जवळच थायलंडहून आलेल्या बुद्धधातूंचा स्तूप आहे.

विहारात पोचल्यावर मात्र आपला माणूस गोंधळतो. लांब नाकाच्या तेंगूंच्या मूर्ती, शिंतो पद्धतीची कमान, ताईत विकणारे काउंटर. चौदाव्या शतकापासून इथे इझुना दाइगोंगेन या डोंगरदेवतेची उपासना चालते. रोज 'गोमा' होतो, म्हणजे होमच; शब्दही तोच, चीनमार्गे गेलेला. हा शिंगोन पंथ, भारतातल्या तंत्रयानाची जपानी शाखा. आपल्याकडे जो कर्मकांडाचा थर बौद्ध धम्मावर चढला, तोच तिथे जिवंत दिसतो. २२ प्रतिज्ञा घेतलेल्याला हे खटकणारच, आणि खटकलेच पाहिजे. पण 'हे बौद्ध नाहीतच' असे म्हणून पाठ फिरवणे मला पटत नाही. याच होमासमोर घडलेला भिक्खू नागपुरात आला, बाबासाहेबांचा मार्ग त्याने स्वीकारला आणि दीक्षाभूमीवर हजारोंना २२ प्रतिज्ञा दिल्या. तो काय मागे ठेवून आला, हे ताकाओला गेल्यावरच नीट कळते.

होमाच्या वेळी आत बसता येते. शांत बसावे, फोटो काढू नयेत. नोव्हेंबरात पाने लाल होतात तेव्हा प्रचंड गर्दी असते. शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी लवकर जावे.