सारखी पाती, निराळी कामे

मेजाची कड गोल करावयाची, फळीत खाच पाडावयाची, चौकटीला नक्षीदार किनार द्यावयाची, ही कामे पूर्वी सुतार निरनिराळ्या घडणीच्या रंध्यांनी आणि पटाशीने करीत असे. आज ती राऊटर नावाचे विजेचे यंत्र करते. यंत्र एकच, त्यात बसविलेले पाते बदलले की काम बदलते. या पात्याला कारागीर ‘बिट’ म्हणतात. ते मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल आणि त्याचा व्यास २५ मिलिमीटर असेल, तर त्याची धार ताशी सुमारे ९४ किलोमीटर वेगाने लाकडावर आदळते. एवढ्या वेगात चुकीचे पाते क्षणात फळी बिघडविते, आणि प्रसंगी कारागिरालाही इजा करिते. म्हणून पाते ओळखता येणे हे या विद्येतील पहिले शहाणपण होय.

अडचण अशी की, पुष्कळ पाती जुळ्या भावंडांसारखी दिसतात. नवशिका केवळ धारेचा आकार पाहतो आणि फसतो. भेद बहुधा अन्यत्र दडलेला असतो.

प्रथम बेअरिंग पाहावे. कड गोल करणाऱ्या पात्याची धार पाव वर्तुळाची असते. आणि कडेला मण्यासारखा उठाव देणाऱ्या पात्याचीही धार तशीच असते. मग फरक कोठे? टोकाशी असलेल्या लहानशा बेअरिंगमध्ये. हे बेअरिंग फळीच्या कडेला टेकून फिरते आणि पाते किती आत शिरावे हे ठरविते. पहिल्या पात्यात गोलाई कडेला अलगद मिळते. दुसऱ्यात बेअरिंग लहान असल्यामुळे पाते अधिक आत जाते आणि गोलाईच्या शेवटी एक बारीक पायरी उरते. बेअरिंगचा व्यास ३ मिलिमीटरने कमी असेल, तर पायरी त्याच्या निम्मी, म्हणजे १.५ मिलिमीटर पडते.

फर्म्यावरून आकार कापणारी सरळ पातीही दोन प्रकारची असतात. एकाचे बेअरिंग टोकाशी, तर दुसऱ्याचे दांडीकडे असते. यंत्र हातात धरून काम करताना पहिल्यासाठी फर्मा लाकडाखाली लावावा लागतो, दुसऱ्यासाठी वर. बिजागरीसाठी उथळ घर कोरावयाचे असेल, तर दुसरेच पाते हवे. कारण पहिल्याचे बेअरिंग तळाशी आडवे येते.

त्यानंतर पीळ पाहावा. पिळाच्या पात्यांपैकी काही भुसा यंत्राकडे ओढतात, तर काही तो यंत्रापासून दूर ढकलतात. भुसा ओढणारे पाते खोल खोबणीस उत्तम. खोबण साफ राहते, परंतु वरच्या पृष्ठाचे तंतू उचकटण्याचा संभव असतो. ढकलणारे पाते तंतू दाबून कापते, म्हणून प्लायवूडची वरची कड स्वच्छ निघते. मात्र भुसा खाचेत कोंबला जाऊन पाते तापते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पाते भोके पाडण्याच्या साध्या ड्रिलशेजारी धरावे. पीळ ड्रिलसारखा असेल तर पाते ओढणारे. उलट असेल तर ढकलणारे.

अखेरीस दांडी पाहावी, आणि येथेच खरा धोका आहे. पाव इंचाची दांडी ६.३५ मिलिमीटर जाडीची असते. तिच्याच शेजारी ६ मिलिमीटर दांडीचे पातेही मिळते. ०.३५ मिलिमीटरचा हा फरक नजरेला सहसा कळत नाही. परंतु ६ मिलिमीटरची दांडी पाव इंचाच्या कॉलेटमध्ये, म्हणजे दांडी आवळून धरणाऱ्या पकडीत, बसविली तर ती आवळल्यासारखी भासूनही नीट धरली जात नाही. मग ऐन कामात पाते सरकते, किंवा निसटून उडते. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि १२ मिलिमीटर या दांड्यांचीही अशीच गल्लत होते.

या गल्लतीवरील उपाय शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. ०.१ मिलिमीटरपर्यंत माप देणारा साधा व्हर्नियर कॅलिपर हा फरक तत्काळ दाखवितो. विद्यार्थी ज्या उपकरणाने गोळीचा व्यास मोजतात, तेच उपकरण कारागिराची बोटे वाचवू शकते. यंत्राची कळ दाबण्यापूर्वी दांडी मोजण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.