खोडरबराचं श्रेय

रॅम वाढवली आणि कॉम्प्युटर चालूच होईना. पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळीच, आणि बोर्डावर स्पीकर असलाच तर लांबलचक बीप वाजत राहते. दुरुस्तीच्या दुकानात यावर ठरलेला इलाज असतो: स्टिक काढायची, तिच्या सोनेरी पिनांवर खोडरबर फिरवायचा, फुंकर मारायची, परत बसवायची. पुष्कळदा मशीन चालू होतं आणि श्रेय खोडरबराला जातं. पण त्या दोन मिनिटांत तीन गोष्टी झालेल्या असतात. वीज तोडली गेली, पिना घासल्या गेल्या आणि स्टिक नव्याने दाबून बसवली गेली. जुन्या, दमट हवेत राहिलेल्या स्टिकचं ठीक आहे, पण पाकिटातून आत्ताच काढलेल्या स्टिकवर घासण्याजोगं साचलंय काय? आधी ती नीट बसलीच नव्हती, हेच जास्त संभवतं. डीडीआर४च्या डेस्कटॉप स्टिकला २८८ पिना असतात आणि हल्लीच्या कित्येक बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो. तो ‘टक्’ वाजला की काम झालंसं वाटतं, पण दुसरं टोक केसभर वर राहिलेलं असू शकतं.

मशीन चालू झालं ना, मग कशाने झालं याची उठाठेव कशाला, असं गिऱ्हाईक म्हणेल. इतर सुट्या भागांच्या बाबतीत ते चालूनही जाईल, रॅमच्या बाबतीत नाही. मुळीच चालू न होणारं मशीन निदान खरं तरी बोलतं. धास्ती त्याची, जे चालू होतं आणि दोन दिवसांनी दर वेळी वेगळ्याच कोडची निळी स्क्रीन दाखवतं, किंवा कालच बनवलेली झिप फाइल उघडत नाही. रॅममध्ये एक बिट उलटला आणि फाइल सेव्ह झाली, की डिस्क ती चूक इमानेइतबारे जपून ठेवते.

यातला सर्वांत चकवणारा प्रकार म्हणजे जुनी आणि नवी स्टिक शेजारी बसवणं. डीडीआर४च्या प्रमाणित वेगांची मजल ३२०० पर्यंत. पाकिटावर ३६०० छापलेलं असलं तर तो वेग एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे बायोसमधून चालू करायच्या वाढीव वेगाच्या सेटिंगचा, सहसा १.२ऐवजी १.३५ व्होल्टवरचा, आणि तोही बोर्ड नि प्रोसेसर दोघांना झेपला तर. एकेकटी तपासली तर दोन्ही स्टिक पास होतात, एकत्र लावल्या की मशीन अडखळतं. दोष कुणा एकीचा नसतोच, जोडीचा असतो. अशा वेळी ‘नवी खराब आहे, बदलून आणा’ हा निवाडा साफ चुकतो, कारण बदलून आणलेलीही तेच करणार. म्हणून आधी जुनी एकटी लावावी, मग त्याच स्लॉटमध्ये नवी एकटी, मग नवीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि शेवटी एक्सएमपी बंद ठेवून दोन्ही. एका वेळी एकच बदल केला तर दोष स्टिकचा, स्लॉटचा की वेगाचा, हे कळतं. चारही बदल एकदम केले तर हाती उरतो तो खोडरबर.

एवढा वेळ कुणाला आहे, हा आक्षेप खरा आहे. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चार फेऱ्यांना १६ जीबीवर काही तास सहज जातात. पण ते तास मशीनचे असतात, रात्री लावून झोपता येतं. विंडोजच्या चाचणीत काही सापडलं नाही, हेही नेहमी ऐकू येतं. चूक सापडली तर स्टिक, स्लॉट किंवा वेग यांतलं काहीतरी बिनसलेलं असतं, पण न सापडणं म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. रॅममध्ये बिट क्वचित उलटतात, तेही कॉस्मिक किरणांमुळे, अशीही समजूत आहे. गूगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चुका आढळल्या, आणि त्यांचं मुख्य कारण असे योगायोग नसून हार्डवेअरमधले कायमचे दोष असावेत, असा निष्कर्ष निघाला. त्या सर्व्हरांत चूक पकडणारी ईसीसी रॅम होती म्हणून मोजणी तरी झाली. घरच्या कॉम्प्युटरात बहुधा ती नसतेच.

काही तक्रारी मात्र बिघाडाच्या नसतातच. ८ जीबी लावूनही ३.२५च वापरता येत असेल, तर आधी विंडोज ३२ बिटची आहे का ते पाहावं. डीडीआर५च्या बोर्डावर नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, कारण बोर्ड त्या रॅमशी वेळेची जुळणी करत असतो. नेमकं तेवढ्यात कुणीतरी बटण दाबून मशीन बंद करतं, स्टिक उपसतं आणि खोडरबर शोधू लागतं.