शब्दावर चालणारे इंटरनेट

जानेवारी १९८९मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात इंटरनेटच्या अभियंत्यांची बैठक भरली होती. तिथे जेवणाच्या टेबलावर सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी कागदी नॅपकिनांवर एका प्रोटोकॉलचा आराखडा काढला. तो बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपी. आज ७० हजारांहून अधिक स्वतंत्र नेटवर्क याच बीजीपीने एकमेकांना वाट सांगतात. कामाची रीत साधी आहे. ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत’ किंवा ‘तिथे जायची वाट माझ्याकडून आहे’ असे एक राउटर शेजारच्या राउटरला सांगतो आणि शेजारी ते पुढे कळवतो. सांगणारा खरे बोलतो आहे का, हे तपासण्याची सोय मूळ रचनेत नाही. म्हणून इंटरनेटचा भरवसा जेवढा यंत्रावर आहे, तेवढाच तो राउटर सांभाळणाऱ्या माणसांच्या शिस्तीवर आणि परस्परांच्या ओळखीवर आहे, असे मी मानतो. या पेशाची तयारी करून घेताना मात्र नेमकी हीच बाजू मागे पडते.

२४ फेब्रुवारी २००८ची घटना पाहा. यूट्यूब बंद करण्याच्या सरकारी आदेशावरून पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा एक मार्ग स्वतःकडे वळवला. तो देशापुरताच राहायला हवा होता, पण पाकिस्तान टेलिकॉमला जगाशी जोडणाऱ्या हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीकडे गेला आणि तिथून जगभर पसरला. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांची होती. दोन मार्गांतला जो अधिक नेमका, म्हणजे कमी पत्त्यांचा, तो राउटर निवडतो. त्यामुळे जगाची रहदारी पाकिस्तानकडे वळली आणि यूट्यूब सुमारे दोन तास बहुतेकांना दिसेना. यूट्यूबच्या अभियंत्यांनी १२८ पत्त्यांचे आणखी नेमके मार्ग जाहीर केले, मग पीसीसीडब्ल्यूने चुकीचा मार्ग काढून टाकला. पहिली चूक पाकिस्तानातली खरी, पण मला दुसरी अधिक गंभीर वाटते. आपल्या ग्राहकाकडे कोणते पत्ते आहेत हे ठाऊक असलेल्या कंपनीने फिल्टरच्या चार ओळी लिहिल्या असत्या, तर ही चूक तिच्या दारातच अडली असती.

मग हा जुना प्रोटोकॉल टाकून का देत नाही? कारण एवढी नेटवर्क एका रात्रीत बदलायला लावेल अशी सत्ता कुणाकडेच नाही, आणि कुणाच्या परवानगीवाचून जोडले जाता येते म्हणूनच इंटरनेट एवढे वाढले. आरपीकेआय या पडताळणीच्या व्यवस्थेमुळे हा प्रश्न सुटला, असेही म्हटले जाते. त्यात पत्त्यांचा धारक ‘आरओए’ ही सही केलेली नोंद करतो आणि इतरांचे राउटर ती पडताळू शकतात. हा उपाय मोलाचा आहे. पण तो मार्गाचा उगम तपासतो, मधली वाट नाही. शिवाय नोंद कुणीतरी करावी लागते, आणि न जुळणारे मार्ग नाकारायचे हेही कुणीतरी ठरवावे लागते.

सर्वांत वजनदार आक्षेप स्वयंचलनाचा आहे. आता राउटरच्या कमांड माणूस हाताने देत नाही, मग माणसावर एवढा भर कशाला? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या देखभालीतल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तोडले. अशी कमांड अडवण्यासाठी ठेवलेल्या साधनातच दोष होता. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग मागे घेतले, दुरून दुरुस्ती करण्याची साधनेही बंद पडली आणि अभियंत्यांना डेटा सेंटरांमध्ये जाऊन काम करावे लागले. सेवा सुमारे सहा तास बंद होती. स्वयंचलनाने रोजचे श्रम खरोखर वाचतात, पण चूकही तेवढ्याच वेगाने सगळीकडे पोहोचते. ती थोपवायला आतली रचना मनात स्पष्ट असलेला माणूस लागतो.

असा माणूस केवळ सीसीएनए या सिस्कोच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या प्रश्नसंचांतून घडत नाही. कमांड पाठ झाल्या की पहिली नोकरी मिळते. पुढची वाढ मात्र पॅकेट कुठे अडकले हे शोधण्याच्या सवयीवर आणि आपली चूक न लपवता लिहून ठेवण्याच्या धैर्यावर होते. हे शिकवणारी खरी शाळा म्हणजे अभियंत्यांचे मेळावे. उत्तर अमेरिकेत १९९४पासून नॅनॉग भरते, दक्षिण आशियात २००३पासून सॅनॉग. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे लोक तिथे आपल्या बिघाडांची चिकित्सा मांडतात आणि अपरात्री कुणाला फोन करायचा हे त्यांना ठाऊक होते. प्रशिक्षण संस्थांनी अभ्यासक्रमात या बिघाडांच्या अहवालांचे वाचन घालावे आणि कंपन्यांनी नवख्या अभियंत्यांना अशा मेळाव्यांना पाठवावे. आणि ज्यांच्या हाती एखाद्या कॉलेजचे, बँकेचे किंवा गावातल्या इंटरनेट सेवेचे स्वतःचे पत्ते आहेत, त्यांनी त्यांची आरओए नोंद झाली आहे का, हे आजच पाहावे.