परिचर्यानिर्णय
रुग्णाच्या तक्रारी, निरीक्षणांच्या नोंदी व रोगाचे ज्ञान यांची सांगड घालून कोणती शुश्रूषा केव्हा करावी आणि डॉक्टरांना केव्हा पाचारण करावे, हे परिचारिकेने ठरविण्याच्या प्रक्रियेस परिचर्यानिर्णय म्हणतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी नोट्स ऑन नर्सिंग (१८५९) या ग्रंथात अचूक निरीक्षणावर भर दिला होता. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये या प्रक्रियेची चार अंगे मांडली : लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे व कृतीचे चिंतन.

शस्त्रक्रियेनंतरचा अंतर्गत रक्तस्राव हे याचे बोलके उदाहरण होय. शरीरातील १५ ते ३० टक्के रक्त गेले, तरी रक्तवाहिन्यांच्या आकुंचनामुळे आकुंचनकालीन रक्तदाब पुष्कळदा टिकून राहतो. नाडी मात्र आधीच जलद होते, त्वचा थंड पडते, मूत्राचे प्रमाण घटते व रुग्ण अस्वस्थ होतो. केवळ रक्तदाब पाहणारी विद्यार्थिनी अशा रुग्णास सुस्थितीत समजण्याचा संभव असतो. अस्वस्थता वेदनेमुळेच आहे असे गृहीत धरल्यास बहुमोल वेळ वाया जातो. म्हणून एका नोंदीपेक्षा क्रमाने घेतलेल्या नोंदींतील बदल अधिक महत्त्वाचा ठरतो.

ब्रिटनमध्ये २०१२ साली श्वसन, नाडी, रक्तदाब, तापमान, शुद्धी इत्यादींना गुण देणारी राष्ट्रीय पूर्वसूचना पद्धती तयार झाली. तीत एकूण ७ वा अधिक गुण तातडीच्या उपचारांची निकड दर्शवितात. तथापि गुण कमी असूनही परिचारिकेस शंका वाटल्यास तिने वरिष्ठांस कळविणे आवश्यक असते. कळविताना नोंदींचे आकडे, त्यांतील बदल व अपेक्षित मदत स्पष्टपणे सांगावी.