म्हातारपणी बुद्धी ढळली तर



निपाणी भागात तंबाखूच्या रानात जन्म घालवलेले आजोबा दिवेलागणीला उठतात. "वैरण टाकायची राहिली," म्हणत दाराकडे धावतात. गोठा तर कधीच रिकामा झालेला. अडवले की हात उगारतात. मुलगा खेकसतो, सून रडते.

हा हट्ट नव्हे, करणीही नव्हे. हा स्मृतिभ्रंश, मेंदूचा आजार आहे. त्यातील एका प्रकाराचे वर्णन जर्मन डॉक्टर आल्झायमर यांनी १९०६ साली केले.

अशा वेळी वाद घालू नये. "चला बाबा, बघून येऊ," म्हणत हात धरून अंगणात फिरवावे, पाणी द्यावे, मग शेंगा सोलायला बसवावे. अंधारात गोंधळ वाढतो, म्हणून दिवा लवकर लावावा. विळा, कोयता आणि फवारणीचे औषध कुलपात ठेवावे. विहिरीकडे एकटे जाऊ देऊ नये. खिशात नावपत्त्याची चिठ्ठी असावी.

बडबड एकाएकी वाढली तर ताप, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा पाणी कमी पडणे ही कारणे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नये. सरकारच्या 'टेली मानस' या १४४१६ क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो.

बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घ्यावे, असे बेन सिराच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय शिकवतो. पण हा भार एकट्या सुनेवर टाकू नये. घरातल्यांनी पाळी लावावी. रविवारी शेजाऱ्याने आजोबांजवळ तासभर बसावे, म्हणजे तिला मिस्साला येता येईल. तीही प्रभूचीच सेवा होय.