घर घेताना मे महिन्याचं वीजबिल मागा

फ्रान्समध्ये घर विकायला काढलं की जाहिरातीत किमतीबरोबर ऊर्जावापराची श्रेणी सांगणारं, 'ए' ते 'जी' यांपैकी एक अक्षर छापावं लागतं. 'ए'ला ऊर्जा अगदी कमी लागते. 'जी'ची ऊब भिंतींतून, छपरातून निसटून जाते. २०२२ पासून तर विकायच्या घराला वर्षाकाठी ऊर्जेवर अंदाजे किती युरो लागतील, तेही जाहिरातीत सांगावं लागतं.

हा हिशेब करायचा कसा, यावर तिथे बराच घोळ झाला. १९४८ पूर्वीच्या घरांची श्रेणी आधी मालकाच्या तीन वर्षांच्या बिलांवरून ठरे. एकटी आजी एकाच खोलीत हीटर लावून राहत असली, की घर गुणी ठरायचं. मग मुलाबाळांचं कुटुंब तिथे राहायला आलं, की खरा खर्च कळायचा. घर बंद असेल, तर बिलंच नाहीत म्हणून श्रेणीचा दाखला कोरा मिळे! जुलै २०२१ पासून ही पद्धत मोडीत निघाली. आता भिंती, खिडक्या, छप्पर आणि हीटिंगची यंत्रणा तपासतात. दाखला चुकीचा निघाला, तर खरेदीदाराला दाद मागता येते.

न्यूयॉर्क राज्यात मात्र १९८१ पासून बिलांचाच कायदा आहे. खरेदीदाराने लेखी मागितलं, तर विक्रेत्याने मागच्या दोन वर्षांची हीटिंग-कूलिंगची बिलं करारापूर्वी द्यायची. मला ही साधी मागणी फार मोलाची वाटते.

आपल्याकडे केंद्राने २०१८ मध्ये नव्या घरांच्या ऊर्जाबचतीसाठी 'इको निवास संहिता' आणली. पण जुना फ्लॅट घेताना आपण अजून इंडेक्स टू, सोसायटीची एनओसी आणि शेवटचं वीजबिल एवढंच पाहतो. तेही थकबाकी नाही ना, यासाठी. फ्रिजचे तारे मोजून घेणारी माणसं आयुष्यभराची कमाई ओतताना घराला वीज किती लागते हे विचारत नाहीत, याची खंत वाटते. गच्चीखालचा, पश्चिमेकडे भिंत असलेला फ्लॅट अकोल्याच्या मे महिन्यात भट्टीसारखा तापतो. त्यात विजेचे दर टप्प्यांचे. वापर १०० युनिटांपुढे, मग ३०० पुढे गेला की वरचं युनिट आणखी महाग.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो बघा. घरात माणसं किती, एसी किती, हेही विचारा. छतावर सोलर असेल, तर नेट मीटरिंगमुळे बिल कमी दिसेल. तेव्हा सोलरने किती युनिट तयार केले, तो आकडाही मागा. फ्लॅट बंद असेल, तर त्याच दिशेच्या वरच्या किंवा खालच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करा.