पोटॅशियमची गोळी: कुणाला, कधी आणि कशाला

गैरसमज: ऊस तोडताना पायात गोळे आले, म्हणजे अंगातलं पोटॅशियम कमी झालं.

घामातून जातं ते मुख्यतः मीठ, म्हणजे सोडियम. लिटरभर घामात ते एक ग्रॅमपर्यंत असू शकतं; पोटॅशियम जेमतेम दोन-अडीचशे मिलिग्रॅम. एवढं एका केळ्यातून मिळतं. तेलगावच्या सुंदररावजी सोळंके कारखान्याच्या फडात राबणाऱ्याला दुपारी हवी सावली, पाणी, आणि लिटरभर पाण्यात कालवलेली ओआरएसची मोठी पुडी. तिच्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड असतंच.

गैरसमज: निरोगी माणसाला कितीही चालतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.

हे अर्धंच खरं आहे. प्रौढाला दिवसाला साधारण साडेतीन ग्रॅम पोटॅशियम लागतं. डाळ, पालेभाजी, बटाटा, ताक यांतून ते सावकाश रक्तात येतं आणि धडधाकट मूत्रपिंडं जादाचं बाहेर टाकतात. पोटॅशियमच्या सिरपचं मात्र तसं नाही. पंधरा मिलिलिटरमध्ये सुमारे 780 मिलिग्रॅम एकदम पोटात जातं. रक्तातली पातळी लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राहावी लागते. ती फार चढली तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. एकाच वेळी खूप गोळ्या घेतल्या तर निरोगी माणसाच्याही जिवावर बेततं.

गैरसमज: मला कुठलाच आजार नाही, मग भीती कशाची?

मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटते. मूत्रपिंडाचा आजार बराच पुढे जाईपर्यंत दुखत नाही, सुजत नाही. त्यात उन्हात पाणी कमी पडलेलं आणि अंगदुखीवर रोज डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलेली असेल, तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि पोटॅशियम आत साचतं. रक्तदाबासाठीच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्याही ते वाढवतात. म्हणून पोटॅशियम सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या. जुलाब-उलट्यांनंतर किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे ते खरंच कमी झालं असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घ्यायलाच हवं. ते मनाने बंदही करू नये.

‘लो सोडियम’ मिठाच्या पाकिटावरचा मजकूरही वाचा. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराईड मिसळलेलं असतं. इतरांना ते रक्तदाबासाठी उपयोगी पडू शकतं, पण घरात कुणाचं मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते त्यांच्या ताटात वाढू नका.